विंचवाचं बिऱ्हाड : एका अबार्थ पुंटोचं प्रकरण

"अण्णा, विंचू देऊन टाकावा म्हणतोय. पाडव्याला नवी गाडी. तुम्ही एकदा बघता का?"

फोन आला तेव्हा २०२५ च्या दिवाळीला आठ दिवस राहिले होते. विंचू म्हणजे फोन करणाऱ्याची अबार्थ पुंटो गाडी. कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक, म्हणून १९४९ साली सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीचं चिन्ह विंचू. तोच विंचू या गाडीच्या नाकावर आहे आणि घरात लहानमोठे सगळे तिला त्याच नावाने ओळखतात.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघणं आणि नुकसानीचा अंदाज काढणं हे माझं रोजचं काम. 'आवडती जुनी गाडी ठेवू की देऊ' हा प्रश्न घेऊन वर्षाकाठी चार-पाच जण तरी येतात. बहुतेकांच्या हातात हिशोबाचा कागद असतो, पण त्यावर नेमका महत्त्वाचा आकडा नसतो. म्हणून हे एक प्रकरण पूर्ण लिहून काढतोय. मालकाची परवानगी आहे, फक्त नाव नको म्हणाला.

मालक चाळिशीतला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना, राहायला जुळे सोलापूर, वडिलांचा ऊस मोहोळ तालुक्यात. घरात आई, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. गाडी डिसेंबर २०१५ ची, एमएच-१३ पासिंग, एकच मालक, ६८ हजार किलोमीटर.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार होती. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ पीएस ताकद, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं, आणि ही गाडी तयार होत होती आपल्या रांजणगावला. दिसायला चार दारांची हॅचबॅक, त्यामुळे तिला स्पोर्ट्स कार म्हणावं की नाही यावर लोक वाद घालतात. मी तरी म्हणतो. जिची चावी उचलण्यासाठी माणूस रविवारी पहाटे साडेपाचला उठतो ती स्पोर्ट्स कार. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, त्याच्या आधीच या गाडीचं उत्पादन थांबलं होतं. म्हणजे आज रस्त्यावर आहेत तेवढ्याच.

समोर पर्याय होता फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. ही चाकणची. १.५ लिटर टर्बो, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, सहा गिअरची मॅन्युअल, सहा एअरबॅग, ५२१ लिटरची डिकी. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या अपघात-सुरक्षा चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, दोन्हीकडे पाच तारे. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलल्यामुळे किमतीही थोड्या उतरल्या होत्या. मोह होण्यासारखीच गाडी आहे, त्यात त्याचं काही चुकलं नाही.

त्याचा कागद असा होता. नवी गाडी ऑन रोड २० लाख. विंचवाचे एक्स्चेंजमध्ये २ लाख ७५ हजार, वर बोनस ४० हजार. खिशातून २ लाख ८५ हजार. उरलेल्या १४ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ९ टक्के, हप्ता साधारण २९ हजार. खाली फायद्याच्या बाजूला पहिलंच वाक्य, दोनदा अधोरेखित केलेलं : 'पेट्रोल वाचेल.'

ते आधी निकालात काढलं. वर्षाला त्याचं धावणं सात हजार किलोमीटर. विंचू गाव आणि हायवे मिळून अकराचा अ‍ॅव्हरेज देतो, नवी पंधराचा देईल असं धरलं. वर्षाला १७० लिटर वाचतं. १०४ रुपयांनी झाले साडेसतरा हजार. वर्षभर वाचवलेल्या पेट्रोलमधून एका महिन्याचा हप्तासुद्धा निघत नाही, आणि पाच वर्षांत निव्वळ व्याज जातं ३ लाख ४४ हजार. शिवाय एक्स-शोरूम १७ लाख धरले तर त्यातला पावणेपाच लाखांहून जास्त भाग ४० टक्के जीएसटीचा, त्यावर १२ टक्के रोड टॅक्स, आणि विम्याच्या तक्त्यात पाच वर्षं भरता भरता गाडीची किंमत निम्मी. "नवी गाडी घ्यायची तर आवडली म्हणून घे," मी त्याला सांगितलं, "पैसे वाचतील म्हणून घेऊ नकोस. कारण ते वाचत नाहीत."

दुसरी भीती इथेनॉलची. ती मात्र खरी होती. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याला चालतील असे पाइप, सील असलेल्या गाड्या येऊ लागल्या एप्रिल २०२३ पासून. विंचू २०१५ चा. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात जुन्या चारचाकींचा अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. पण अ‍ॅव्हरेजपेक्षा रबराची काळजी जास्त. यात त्याची वेगळीच कोंडी. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. त्याच्या वडिलांचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथे इथेनॉल होतं. "बाबांचं बिल ज्याच्यावर निघतं तेच माझ्या गाडीचे पाइप खातंय," असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. दोन्ही बाजू त्याच्याच घरातल्या होत्या.

मग गाडी मेस्त्रीकडे नेली. हे मेस्त्री फियाटच्या पुंटो आणि लिनिया चालू होत्या तेव्हापासून याच गाड्यांवर काम करत आलेत. बॉनेट उघडलं आणि तीन-चार मिनिटं काही बोललेच नाहीत. नुसते पाइप दाबत गेले. टर्बोकडून येणारा जाड होज पाइप बाहेरून चकचकीत काळा दिसत होता. मेस्त्रींनी तो वळणाजवळ दोन बोटांत धरून वाकवला, तशा आतल्या बाजूला बारीक भेगा उघडल्या, पिकलेल्या टाचेवर असतात तशा. अंगठा त्यांनी मला दाखवला, काजळ लागावी तसा काळा. "अण्णा, हे पेट्रोलनं न्हाई झालं. हे आपल्या उन्हानं झालंय. दहा मे काढल्यात ह्या गाडीनं सोलापुरात." कारखान्याच्या आवारात गाडी दिवसभर पत्र्याच्या कडेला अर्धी उन्हात उभी असते. ४३-४४ अंशांत रबर कडक होणारच.

मेस्त्रींची यादी : टायमिंग बेल्टचा पूर्ण सेट, वॉटर पंप, सगळे होज पाइप, पेट्रोलच्या नळ्या, क्लच, खालचे बुश, इंजिन माउंटिंग आणि १९५/५५ आर१६ चे चार टायर. एकूण १ लाख १८ हजार. टायमिंग बेल्टबद्दल ते ठाम होते. किलोमीटर कमी असले तरी वर्षं झालीत, आणि तो तुटला तर इंजिन उघडावं लागेल. इंजिनचं कॉम्प्रेशन मात्र उत्तम निघालं, पत्राही कुठे सडलेला नव्हता.

एवढ्यावर बहुतेक लोक निर्णय घेतात : दुरुस्ती सव्वा लाख, गाडीची किंमत पावणेतीन, मग कशाला ठेवायची? मला हा हिशोब कधीच पटला नाही. सव्वा लाखात पुढची पाच-सहा वर्षं मिळत असतील तर ती महाग नाहीत. नव्या गाडीचे हे चार हप्ते होतात. पासिंग २०३० च्या डिसेंबरपर्यंत आहे, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. दिल्लीतल्यासारखी वयाची बंदी आपल्याकडे नाही.

माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट होती. मी त्याला विम्याची पॉलिसी मागितली.

आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, २ लाख १० हजार. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन नूतनीकरण करताना हप्ता थोडा कमी दिसावा म्हणून त्याने आकडा खाली ओढला होता. सगळेच ओढतात.

हे नीट समजून घ्यायला हवं. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीचा घसारा तक्त्याप्रमाणे ठरलेला असतो. त्यानंतर किंमत ठरते ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने. अपघात झाला आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की ती गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण बाद, धरली जाते. २ लाख १० हजाराचे ७५ टक्के म्हणजे १ लाख ५७ हजार ५००. आता कल्पना करा, पुण्याहून परत येताना टेंभुर्णीच्या पुढे रात्री एक जनावर आडवं आलं. मोठा अपघात नाही, कुणाला खरचटलंही नाही. बंपर, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर, बॉनेट. त्यात समोरच्या दोन एअरबॅग उघडल्या तर एअरबॅग, बेल्ट आणि त्यांचं मॉड्यूल बदलावं लागतं. इथेच रेषा ओलांडली. गाडी चालू शकते, इंजिन ठणठणीत आहे, पण कागदावर ती संपली. शिवाय टोटल लॉस झाली नाही तरी दहा वर्षांवरच्या गाडीला प्लास्टिक-रबराप्रमाणे लोखंडी भागांवरही ५० टक्के घसारा कापला जातो, आणि एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मोहोळ बायपासला अशीच एक जुनी सेडान बघायला गेलो होतो. मालक निवृत्त शिक्षक. समोरचा भाग गेला होता, बाकी गाडी लग्नातल्या भांड्यासारखी लख्ख. मी आकडे मांडले, टोटल लॉस सांगितला. ते काही बोलले नाहीत. चावीच्या छल्ल्याला लावलेली विठोबाची छोटी पितळी मूर्ती तेवढी सोडवत बसले. कडी घट्ट होती, नखाने निघेना. शेवटी मी माझा पाना दिला. तेव्हापासून जुन्या गाडीवाल्या प्रत्येकाला मी आधी आयडीव्ही विचारतो.

म्हणून माझा सल्ला सरळ होता : विंचू विकून टाक, पण एक्स्चेंजमध्ये नको. जुन्या गाड्या घेणाऱ्याने पावणेतीन लावले, त्याचं काही चूक नाही. त्याला ती पुन्हा विकायची आहे, आणि बंद झालेल्या गाडीला साधं गिऱ्हाईक नसतं. पण हीच गाडी शोधणारे लोक आहेत. कोल्हापूरच्या एकाने फोटो बघूनच ५ लाख १० हजार सांगितले होते. पावणेतीन आणि पाच यांच्यातला फरक दोन फोन करण्याच्या कष्टाचा आहे. वर त्याचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून मालकाचा, तो नव्या गाडीवर नेता आला असता.

माझ्या मनात मुलंही होती, हे कबूल करतो. दोन एअरबॅगची दहा वर्षं जुनी गाडी, मागे दोन मुलं आणि आजी, सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर. मी ज्या गाड्या बघतो त्या बघून माणूस मागच्या सीटचाच विचार आधी करतो.

तो ऐकून घेत होता, हो म्हणत होता, आणि कोल्हापूरला फोन लावत नव्हता. म्हणून एका रविवारी पहाटे दोन्ही गाड्या घेऊन तुळजापूरला गेलो. व्हर्टस त्याच्या मित्राची. जाताना घाट नव्या गाडीने चढलो, मी शेजारी. काय गाडी आहे! तिसऱ्यात असताना खालूनच ओढते, गिअर बदलायची घाई नाही. सपाटीला आलो की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप थांबतात, कळतही नाही. आम्ही आवाज न चढवता बोलत होतो. पण बोलत होतो ते टॉवेलच्या ऑर्डरबद्दल.

देवीचं दर्शन घेऊन उतरताना विंचू. हळू असताना स्टिअरिंग जड, हायड्रॉलिक आहे. खड्डा पाठीला कळतो. माझ्या तर चांगलाच कळला. इंजिन दोन हजार आरपीएमच्या खाली जरा सुस्त, मग एकदम मागून कुणी तरी ढकलावं तसं. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. गिअरच्या नॉबचं चामडं अंगठ्याच्या जागी झिजून उघडं पडलंय, आणि अंगठा नेमका तिथेच बसतो. वळण यायच्या आधी तो हात निघायचा, दुसरा गिअर पडायचा, आणि मग मला समजायचं की हे वळण वाटलं त्याहून जास्त आत वळतंय. "इथे डांबराचा पॅच आहे बघा," तो म्हणाला, आणि हाताला थरथर जाणवून त्याने ते सांगितलं होतं, रस्त्याकडे बघून नव्हे. पूर्ण घाटात टॉवेलचा विषय निघाला नाही.

खाली चहाला थांबलो तेव्हा मी त्याला एकच प्रश्न विचारला. "समज, आयडीव्ही नीट लावून घेतली आणि उद्या ही टोटल लॉस झाली. साडेतीन-चार लाखांचा चेक हातात आला. त्या पैशात काय घेशील?"

बशीतला चहा संपेपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "हीच शोधीन अण्णा. पांढरी नाही मिळाली तर काळी."

ज्या माणसाला गाडी गेल्यावर परत तीच विकत घ्यायची आहे, त्याने ती विकण्यात काही अर्थ नाही. माझा सल्ला तिथे ढिला पडला. पण मागच्या सीटचं काय, हे उरलंच.

तो पेच सोडवला वहिनींनी, आणि तो तोडगा मला सुचायला हवा होता. त्यांनी सगळे कागद पुढे ओढले आणि विचारलं, "अण्णा, हे पाच तारे इंजिनाला आहेत की गाडीला?" मी म्हटलं, गाडीला. "मग त्या दीडशे घोड्यांचं मला काय करायचंय? मुलांना शाळेत सोडायचं, आईंना पंढरपूरला न्यायचं. मला ते न चेपणारं खोकं पाहिजे. त्यातलं लहान इंजिन जुन्यात मिळत नाही का?"

मिळतं. त्याच गाडीचं १.० टीएसआय, ११५ पीएस, बॉडी तीच. २०२२ ची एक गाडी सापडली, राज्यातल्याच पासिंगची, म्हणजे रोड टॅक्स पुन्हा भरायचा नाही. ९ लाख २५ हजार. मी दोन तास तपासली : दरवाज्यांच्या फटी, बेल्टच्या मुळाशी असलेली लेबलं, समोरच्या पट्टीचे वेल्डिंगचे ठिपके, आधीच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस. क्लेम झालेला नव्हता. ५ लाखांचं कर्ज घेतलं, जुन्या गाडीला व्याज जास्त, ११ टक्के. हप्ता १० हजार ८७०. या गाडीला नो क्लेम बोनस शून्यापासून सुरू झाला, दोन विमे भरावे लागणार, आणि कारखान्यात विंचवासाठी पत्र्याची शेड घालायला पंधरा हजार गेले. हे सगळं धरूनही खर्च पहिल्या कागदाच्या बराच खाली राहिला. पाडवा हुकला, याचं फक्त आईंना वाईट वाटलं.

विंचवाचं सव्वा लाखाचं काम नोव्हेंबरमध्ये झालं. डिसेंबरच्या नूतनीकरणाला त्याने ऑनलाइन बटण दाबलं नाही. गाडी तपासणीला दाखवली, कामाची बिलं जोडली, आणि आयडीव्ही ३ लाख ६० हजारावर मान्य करून घेतली. विम्याचा हप्ता दोन हजारांच्या आत-बाहेर वाढला, आणि टोटल लॉसची रेषा दीड लाखावरून २ लाख ७० हजारांवर गेली. लांबच्या रात्रीच्या प्रवासाला विंचू न्यायचा नाही, हा वहिनींचा नियम. रविवारी पहाटे तुळजापूर नाहीतर नळदुर्ग, उजाडल्यावर परत.

इथेनॉलचं भय पूर्ण गेलेलं नाही. नळ्या नव्या आहेत, इंजेक्टर आणि पंप जुनेच. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेव आणि दर सहा महिन्यांनी नळ्या दाखव, एवढं मेस्त्रींनी सांगितलंय. शेवटी निघताना ते असंही म्हणाले, "आता ह्या विंचवाचं बिऱ्हाड तुमच्याच पाठीवर घ्या. पार्ट आत्ता मिळतोय तवर घेऊन ठेवा." त्यांनी वहीच्या पानावर बावीस नावं लिहून दिली.

संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तिळगूळ घ्यायला गेलो तेव्हा माळ्यावरचा पसारा बघितला. लोणच्याच्या बरण्यांशेजारी रेडिएटर, कंडेन्सर, दोन फॉग लॅम्प, आणि पुण्याच्या जुन्या पार्टवाल्याकडून आणलेले दोन हेडलाइट. हेडलाइटच्या खोक्यावर मुलीने स्केच पेनने लिहिलंय, 'विंचवाचे डोळे, वर काही ठेवू नये.' बावीसपैकी चौदा नावांवर काट आली आहे. पुढचा बंपर अजून मिळालेला नाही. नांदेडला एक आहे म्हणतात, पण त्याची डावी कडा तुटकी आहे.